परका दात

डॉक्टर लुडमिवा कोर्नाश यांनी डबा आणला
लोकरी टोपीत गुंडाळून,
मांजराचं आजारी पिल्लू आणावं तसा.
वीतभर लांब, वीतभर रुंद, ॲल्युमिनियमचा संगणक.
"जागा संपली," म्हणाल्या.
"आत अकरा वर्षांचे दात आहेत."

निम्म्या एल्ब्लाँगचे जबडे:
टर्बाइनच्या कारखान्यातले ओतारी,
ट्राम हाकणाऱ्या बायका,
आडव्या उगवलेल्या अक्कलदाढा, करड्यावर पांढऱ्या.
सहायिका ब्रोनिया दर शुक्रवारी जागा करते,
मेलेल्यांपासून सुरुवात.
नोव्हेंबरात फाबिशाक गेले,
जानेवारीत त्यांची दाढ.

रबरी पाय हेअर ड्रायरने शेकून सोलले.
खाली स्क्रू, पाच पाकळ्यांचे.
त्या फुलाला लागणारी चावी दुकानात मिळत नाही.
मला मिळाली, ग्दान्स्कच्या एका पोराकडून,
दोन बिअरच्या बदल्यात.

आत मूळच्या डिस्कशेजारी
दुसरीची जागा आखून ठेवलेली:
पांढऱ्या रेघेची चौकट, चौकटीत आकडा,
सोन्याचा मुलामा दिलेले ठिपके ओळीनं,
आणि खोबण नाही.
विसरले म्हणावं तर आकडा घातलाय.
पाट मांडला, रांगोळी काढली,
आणि वाढायचं नाही असं ठरवलं.
चणे माझ्या मुठीत होते,
दात त्यांनी आधीच उपटून ठेवलेले.

बरं. जुनी काढली, तिच्याच खोबणीत नवी घातली.
टक्क. बसली.
पिना तेवढ्याच, वीज तीच.
पडद्यावर एक वाक्य आलं:
हा भाग मान्य नाही.
आणि पंखा सुटला,
भूल न देता दात काढावा तसा ओरडत.

कंपनीला फोन. चाळीस मिनिटं पियानो.
मग क्राकोवहून एक मऊ आवाज:
"साहेब, या मॉडेलला एवढीच क्षमता दिलेली आहे."
दिलेली.
जशी उंची देतात, आयुष्य देतात.
मी दाताच्या कण्या केल्या.
ती म्हणाली, मोठं मॉडेल आहे ना, दुप्पट किमतीला.
मग आवाज खाली आणून:
"आणि तुम्ही स्क्रू उघडले असतील
तर कृपा करून मला सांगू नका,
नोंद करावी लागते."
तेवढ्यापुरती ती माझ्या बाजूची झाली.

सहाला डॉक्टर आल्या. हातांना लवंगेच्या तेलाचा वास.
"म्हणजे डिस्क बसते, चालते, पण हा ओळखत नाही?"
"ओळखतो. म्हणून तर नको म्हणतो."
त्या बराच वेळ आत पाहत राहिल्या,
हातात आरसा नसताना
मनगट तसंच वाकडं धरून.
"सव्वीस वर्षं मी हाडात परका दात रोवतेय, झेनॉन.
कधी स्वीडनचा, कधी कोरियाचा, परवडेल तो.
हाड सुजतं, ठणकतं, तीन महिने रुसून बसतं,
मग धरतं.
कारखाना विचारणारं हाड
मला अजून भेटलं नाही."

मी काही बोललो नाही. पंखा बोलत होता.

शेवटी जुनी डिस्क परत आत.
मोठी बाहेरच ठेवली, वायरीनं जोडून,
डब्याच्या पाठीला
दात सरळ करायच्या तारेनं बांधून.
दिसायला वाईट. चालते सावकाश.
ब्रोनियानं कचऱ्याच्या टोपलीतून
फाबिशाकना परत आणलं,
वरच्या डाव्या दाढेसकट.

"किती झाले?" डॉक्टरांनी विचारलं.
मी तोंड उघडलं.
खाली उजवीकडे दोन वर्षांची फट आहे,
भाकरीचा कडा तिथून चुकवून खातो.
त्यांनी माझाच टेबलदिवा माझ्यावर वाकवला.
"जागा आहे," म्हणाल्या.
"खोबण मी करीन."

त्या गेल्यावर चटईवर एक स्क्रू सापडला,
पाच पाकळ्यांचा.
तो कुठला, अजून कळलेलं नाही.